हिल्काबाईंच्या न्हाणीची फरशी

इथे परदेशात आमच्या शेजारच्या हिल्काबाई तळ्याकाठच्या घरात एकट्या राहतात. वय पंचाहत्तरीकडे झुकलेलं, पण दारातला बर्फ अजून स्वतःच फावड्याने काढतात. मागच्या हिवाळ्यात त्यांची लेक मेर्वी न्हाणीची फरशी बदलायचं घेऊन बसली. मला वाटलं, बाई हो तरी म्हणतील, नाहीतर नाही. त्या काहीच धड बोलेनात.

"आई, फरशीखाली तारा घालायच्या, बटण दाबलं की पाय गरम! गारठलेल्या फरशीवर उभी राहून दात घासणारी गावात तू एकटीच उरलीस."

"मोजे आहेत की."

"ओले मोजे! परवा घसरत होतीस ना?"

"पडले का? मग झालं."

ती फरशी आठवड्यातून एकदाच ऊबदार होई, शनिवारी. न्हाणीला लागूनच सौना, म्हणजे तापलेल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायची खोली. शनिवारी दुपारी तिथली लाकडाची भट्टी पेटे, वरचे दगड तापत आणि त्यांची धग न्हाणीच्या फरशीत उतरे. आधी हिल्काबाई आणि मी आत जायचो, आमचं झालं की एस्को. हा पलीकडच्या वळणावर राहणारा, बायको गेल्यापासून एकटा. बाईंना लागणारी सगळी लाकडं तोच फोडून आणून द्यायचा आणि शनिवारची शेवटची पाळी त्याची. मग कॉफी, वेलची घातलेला गोड पाव आणि मोजकं बोलणं. सगळं उरकलं की बाई आत जाऊन दगडांवर एक पळी पाणी टाकत आणि दार लोटून घेत. ती वाफ सौनाच्या राखणदाराची, सौना सांभाळणारा कुणी अदृश्य जीव असतो असं इथे मानतात. आपण नैवेद्य ठेवून बाजूला होतो, तसंच. मला तो क्षण फार आवडतो.

मेर्वीने शेवटी फरशीवाल्याला मापं घ्यायला बोलावलंच. त्याची गाडी दिवसभर दारात उभी होती. त्या शनिवारी एस्को आला नाही.

"सर्दी झाली असेल," बाई म्हणाल्या.

पुढच्या शनिवारीही नाही. भट्टी पेटलेली, त्याचा टॉवेल खुंटीवर तसाच.

"फोन करा की," मी म्हटलं.

"यायचं असतं तर आला असता."

इथली माणसं अशीच. समोरच्याला भीड पडेल म्हणून विचारणार नाहीत आणि आपल्याला कुणी विचारलं नाही, हे मात्र मनाला लावून घेतील.

कॉफी ओतता ओतता बाई एकदम म्हणाल्या, "फरशी नको. मेर्वीला सांगून टाकते."

"का हो?"

"रोज पाय गरम राहायला लागले, तर शनिवारी भट्टीचा एवढा खटाटोप कशाला, असं मलाच वाटेल. आळस फार पटकन पटतो. आणि भट्टीच नसेल, तर एस्कोने यायचं तरी कशाला?"

"पण तो तर आत्ताच यायचा थांबलाय, फरशी घालायच्या आधीच."

त्यांनी किटली खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी चर्चहून येताना त्या वळणावर थांबल्या. मी बरोबर होतेच. एस्कोने दार उघडलं.

"सर्दी झालीय का रे?"

"नाही."

"मग?"

"फरशीवाल्याची गाडी दिसली. म्हटलं, आता तुझ्याकडे सगळं विजेवर. माझी लाकडं काय करायचीत तुला?"

"वीज फरशीला, दगडांना नाही. दगडांवर पाणी कोण टाकणार, तो फरशीवाला?"

एस्कोने मनापासून विचार केला. "त्याला अंदाज यायचा नाही."

"शनिवारी ये. आणि वाळलेली लाकडं आण. मागची नुसती धूर करत होती."

"उघड्यावर तूच ठेवलीस."

"ठेवली असतील."

परतताना बाई म्हणाल्या, "घालू दे मेर्वीला तारा. मी उगीच त्या बिचाऱ्या फरशीवर सगळा भार टाकत होते."

बर्फ वितळायच्या आत काम झालं. एका सकाळी लाकडं टाकायला आलेल्या एस्कोला बाईंनी फरशी पाहायला आत बोलावलं. तो अनवाणी उभा राहिला, तो हलेचना.

"कशी आहे?"

"लबाड आहे. पाय उचलू देत नाही." जाताना आपले ओले मोजे त्याने तिच्यावरच वाळत घातले.

बाई आता रोज गरम फरशीवर उभ्या राहून दात घासतात. शनिवारी मात्र सकाळीच बटण बंद करतात. त्या दिवशी फरशी भट्टीची वाट बघते.