विंझरचा मोठा लेथ

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर फार टर उडवली आहे. आमच्या भोरमध्ये कुणी म्हणालं की घाटात बाई दिसली, की मी विचारायचो — आधार कार्ड बघितलंस का तिचं? त्यामुळे हे लिहिताना मलाच ओशाळल्यासारखं होतंय. हसायचं तर हसा... पण शेवटपर्यंत वाचून हसा.

मी कातारी. म्हणजे लाकूड लेथवर गरागरा फिरवायचं आणि पटाशी धरून त्याला आकार द्यायचा — लाटणी, पाळण्याच्या दांड्या, पलंगाचे पाय. माझा लेथ लहान. मोठा खांब करायचा तर दोन तुकडे कातून मधे जोड द्यावा लागतो, आणि तो जोड मला आयुष्यभर दातात अडकलेल्या सुपारीसारखा सलत आला. काम शिकत होतो तेव्हापासून एकच स्वप्न — अगदी झोपेतसुद्धा पडायचं — जुन्या काळचा अवाढव्य लेथ, आख्खा खांब एका तुकड्यात कातणारा, आणि तो माझा. सुरेखा, माझी बायको, चेष्टा करायची की लोकांना स्वप्नात बायका दिसतात, आमच्या ह्यांना मशीन.

तो लेथ मला खरोखर सापडला. विंझरला, वेल्ह्याच्या रस्त्यापासून थोडं आत, एका गोठ्यात कडब्याखाली. बैलगाडीहून लांब, दोन्ही टोकांना बिडाची डोकी. मालकीण ऐंशीच्या पुढची आजी. तिचा नवरा त्यावर देवळांचे खांब करायचा. तेव्हा वीज कुठली? शेजारी पुरुषभर उंचीचं लाकडी चाक असायचं, त्यावरून लेथला दोर, आणि ते चाक घरातल्या बाईनं ओढायचं. आधी आजीची सासू, मग आजी. चाक कधीच मोडून चुलीत गेलं होतं, लेथ तेवढा उरला होता.

आजीनं द्यायला का कू केलं नाही. फक्त विचारलं, "चाक कोन वढनार?"

मी म्हणालो, आजी, आता मोटर बसवणार, बटण दाबलं की झालं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि परत म्हणाली, "बशिवा की मोटर. पर चाक कोन वढनार?"

म्हटलं, वय झालंय. आणि टेम्पो भरायला लागलो.

त्याच सुमारास मार्गासनीजवळच्या एका वाडीतून देवळाच्या सभामंडपाचे चार खांब माझ्याकडे आले होते. मोटर बसवली, पहिला सागाचा ओंडका चढवला... काय सांगू! लोणी कापावं तशी पटाशी चालली. जोड नाही, थरथर नाही. एवढा मोठा गडी मी, पण पहिला खांब उतरवताना डोळ्यांतून पाणी आलं.

आणि इकडे सुरेखाचा उजवा खांदा धरला. आधी वाटलं उसण भरली असेल. मग तिला तवा उचलेना, मुलीची वेणी घालता येईना. डॉक्टर झाले, एक्स-रे झाला, सगळं स्वच्छ. बिचारी डाव्या हातानं भाकरी थापायची. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते, त्या दिवशी हात जरा हलका वाटतो, असं ती एकदा बोलता बोलता म्हणाली. मी म्हटलं, विश्रांती मिळत असेल. आता लाईट नसताना बायकांना कसली आलीय विश्रांती, पण माझं डोकं सगळं खांबात होतं.

तिसरा खांब कातून झाला होता, नुसता घासत होतो. भर दुपार. मोबाईल वाजला, स्वातीचा, म्हणजे मुलीचा. मशीनच्या आवाजात काही कळेना म्हणून मी बटण बंद केलं, अवजड लेथ हळूहळू थांबायला लागला. ती घाबरलेली. आई जेवून आडवी झालीय, झोपेतच उजव्या हाताची मूठ वळून हात गोल गोल फिरवतेय, हाका मारल्या तरी उठत नाही, असं सांगत होती. आणि मधेच थांबून म्हणाली, "थांबला पप्पा. आत्ता थांबला हात."

माझं वर्कशॉप नदीच्या अलीकडे, घर पलीकडे. आवाज तिथवर जायचा प्रश्नच नाही. तरी म्हटलं, खात्री तर करू. फोन कानाला तसाच धरून बटण दाबलं.

"पप्पा... परत."

मी बटणच नाही, मेन स्विच पाडला. दुसऱ्यांदा बघायची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विंझरला गेलो. चांगला भांडायच्या तयारीनं गेलो होतो. आजी दारात शेंगा फोडत बसली होती. तिनं एवढंच विचारलं, कुठला हात? उजवा, म्हणालो. तिनं स्वतःचा उजवा हात उचलून दाखवला. छातीच्या वर तो जातच नव्हता.

मी विचारलं, मग सांगितलं का नाही? तर म्हणाली, "इचारलं व्हतं की तुमाला. दोनदा इचारलं."

मग विकून टाकतो म्हणालो, तर मान हलवली. "कुनालाबी इका, त्याच्या घरी बाई आसंलच की."

घरी येऊन सुरेखाला सगळं सांगितलं. वाटलं, रडेल नाहीतर मला वेड्यात काढेल. ती खांदा चोळत बसली. मग म्हणाली, "एकच खांब राहिलाय ना? करून टाका. तुमचं एवढ्या वर्षांचं स्वप्न आहे. मी ओढते."

इतकी वर्षं संसार केला, पण त्या दिवशी मला तिच्याकडे बघवेना. मी उठून परसात गेलो आणि नळाखाली डोकं धरलं.

चौथा खांब लहान लेथवर दोन तुकड्यांत कातला. जोड स्पष्ट दिसतो. वाडीतले लोक अजून विचारतात, कातारी शेवटी दमला का? मी हसून हो म्हणतो. सुरेखाचा हात हळूहळू सुटला, आता परत दोन्ही हातांनी भाकरी थापते.

हे काय होतं? डॉक्टरांना विचारलं, त्यांनी माझंच बीपी तपासलं. मला कळलेलं नाही, कळेल असं वाटतही नाही. लेथ ताडपत्रीखाली आहे. बघायला बरेच येतात, परवा एक रिसॉर्टवाला नुसता शोभेला ठेवतो म्हणाला. मी त्यालाही परत पाठवलं. उद्या कुणीतरी हौसेनं मोटरचा पट्टा चढवेलच.

तुमच्यापैकी कुणाला याचा अर्थ लागला तर जरूर सांगा. फक्त लेथ विकत मागू नका.