आमच्यात गट नाहीत

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. रियाधच्या जुन्या मराठी मंडळींत आमचं मंडळ कसं फुटलं याच्या निरनिराळ्या कथा सांगतात. त्या सगळ्यांत समजूतदार माणूस मी असतो. मी त्या कधी दुरुस्त केल्या नाहीत.

मी इथे बँकेत होतो, माझा मित्र इस्पितळात डॉक्टर. शुक्रवारी संध्याकाळी काही कुटुंबं त्याच्या घरी जमत. मुलं आतल्या खोलीत इंग्रजीत भांडत, आम्ही बाहेर एखादा विषय वाचून त्यावर मराठीत वाद घालत असू. त्या वर्षी माझ्या हट्टाने विषय होता अमेरिकेचं कोवळं प्रजासत्ताक.

मला त्यातला विरोधाभास आवडायचा. राज्यघटना लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांना पक्ष म्हणजे रोग वाटे. घटनेत पक्षांचा उल्लेखही नाही. पहिल्या अध्यक्षाने निरोप घेताना गटबाजीपासून सावध राहा म्हणून बजावलं, पण तोवर त्याच्याच अर्थमंत्र्याचा आणि परराष्ट्रमंत्र्याचा असे दोन तट पडून गेले होते. एकाला राष्ट्रीय बँक आणि जाणत्या, प्रतिष्ठित लोकांच्या हातातलं बळकट सरकार हवं होतं. दुसरा शेतकऱ्यांच्या आणि राज्यांच्या बाजूचा. दोघांच्या पाठीशी आपापली वृत्तपत्रं. आणि दोन्हीकडचे शपथेवर सांगत, पक्ष समोरच्यांचा आहे, आम्ही फक्त देशाचे.

मी अर्थमंत्र्याची बाजू घेई, मित्र दुसऱ्याची.

"तुझा माणूस सावकारांच्या जिवावर देश चालवणार," तो म्हणे.

"आणि तुझा स्वातंत्र्यावर सुंदर लिहिणार, घरी गुलाम राबवून."

"भावोजी," वहिनी चहा ठेवत म्हणाल्या, "ते दोघे कधीच मेले. तुम्ही भजी खा, गार होतायत."

गंमत होती तोवर ठीक होतं. मग दिवाळीचा कार्यक्रम आला. मंडळाची कार्यकारिणी आम्ही सर्वानुमते निवडत असू. मतदान घेतलं की गट पडतात, आणि आमच्यात गट नाहीत, असं आम्ही नवीन आलेल्याला अभिमानाने सांगायचो. डॉक्टरने त्या वर्षी सुचवलं की एकट्या राहणाऱ्या मुलांनाही बोलवावं. इस्पितळातले तंत्रज्ञ, रत्नागिरीकडचे, लातूरकडचे. त्यांना इथे सगळे 'बॅचलर' म्हणत, गावी बायकोपोरं असली तरी. कार्यक्रम 'फॅमिली'चाच असावा, असं माझं मत. आमच्या मुली मोठ्या होत होत्या, आम्ही राहायचो त्या बंद वसाहतीचे, कंपाउंडचे, नियम होते. कारणं मी पुष्कळ दिली. खरं कारण असं की त्या मुलांशेजारी बसून जेवायची मला लाज वाटत होती.

बरेच लोक त्याच्या बाजूचे होते. म्हणून बैठक मी अशा शुक्रवारी ठेवली, जेव्हा त्याची आपत्कालीन विभागात ड्यूटी होती. त्याच्याबरोबरच्या इस्पितळवाल्यांचीही होती. ती मला माहीत होती. त्यानेच बोलता बोलता सांगितलेली. कार्यकारिणी सर्वानुमते ठरली. तो तिच्यात नव्हता. कुणी विचारलं तर मी म्हणे, तो राजकारण करतो.

तो भांडायला आला नाही. त्याने घराचं दार त्या मुलांसाठी उघडलं, एवढंच. शुक्रवारी त्याच्याकडे आता अधिक माणसं जमू लागली, आमच्यातलीसुद्धा. ते मला सोसेना. एकाने मला विचारलं, "काका, डॉक्टरांकडे येताय ना?"

"तुम्ही जा की," मी म्हणालो. "बिनपरवानगीची गर्दी आहे, कुणीतरी तक्रार करेलच. आपला इकामा आपण सांभाळायचा."

आमचा कार्यक्रमही बिनपरवानगीचाच होता, आणि गर्दी त्याच्या दुप्पट. पण इकामा हा शब्द काढला की इथे कुणी पुढचं ऐकत नाही. राहण्याचा परवानाच गेला तर नोकरी, घर, मुलांची शाळा, सगळं खलास. बोलणं आठवड्यात पसरलं. पहिली थांबली ती तीच एकटी मुलं, कारण त्यांना सर्वांत जास्त भीती. मग कुटुंबं.

वहिनींच्या गुडघ्यांनी तेव्हा दगा दिला होता. घराबाहेर पडणं बंदच; शुक्रवार हाच त्यांचा आठवडा. त्यांनी मला फोन केला. "भावोजी, कुणी फिरकत नाही. मी दोनदा एवढं सगळं करून ठेवलं."

"कामाचे दिवस आहेत, वहिनी," मी म्हणालो. मीही गेलो नाही. वर्ष संपायच्या आत ते नाशिकला परतले. तिथेच काही वर्षांनी वहिनी वारल्या. मी त्याच्याशी फोनवर दोन वाक्यं बोललो, दोन्ही ठरीव.

गेल्या हिवाळ्यात तो मुलीकडे रियाधला आला. मीही मुलाकडेच असतो आता. त्याला नवी मेट्रो बघायची होती, म्हणून आम्ही दोघे म्हातारे उगाच गाडीत बसून निघालो. बराच वेळ तो खिडकीबाहेर बघत होता.

"ती शेवटपर्यंत म्हणायची," तो म्हणाला, "आपल्या हातून कुणाचं तरी मन दुखावलं असणार. नाहीतर इतकी माणसं एकदम कशी थांबतील? मी सांगायचो, अगं, परका देश, असंच असतं."

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "असंच असतं ना रे?"

त्याला काही ठाऊक होतं का, मला आजही सांगता येत नाही. डब्यात आमच्याजवळ कुणी नव्हतं. त्याचं स्टेशन यायला अवकाश होता.

"हो," मी म्हणालो. "असंच असतं."

तो उतरला, काठी टेकत गेला. महिन्याभरात नाशिकला परतला आणि उन्हाळ्यात तोही वारला. माणसं आपणहून थांबली नव्हती, मी त्यांना घाबरवून थांबवलं, मला क्षमा कर: एवढंच मला त्याला सांगायचं होतं.