सासूबाईंचा हिरवा झगा

जेवता जेवता सासूबाईंनी जाहीर केलं की यंदा शिमग्याला पालखी येईल तेव्हा त्या आतल्या खोलीतच बसणार. "ओटी तू भर," मला म्हणाल्या, आणि डाव्या हाताने आमटीत भात कालवायला लागल्या. विषय संपला.

संपला कसला! मी वाढायची थांबले.

दिवाळीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात गेला. उजवा पाय काठीच्या आधाराने सावकाश चालायला लागला आणि जीभ थोडी जड झाली. स्वभाव मात्र होता तसाच राहिला. आमचं घर रत्नागिरीच्या बाहेर, आरे-वारेच्या रस्त्यावर. शिमग्यात गावदेवीची पालखी आमच्या अंगणात येते, नाचते, आणि घरची बाई तिची ओटी भरते. लग्न होऊन आल्यापासून मी पाहतेय, ओटी त्याच भरायच्या. मी बाजूला ताट धरून उभी. एकदा त्यांना ताप होता तेव्हा मी नुसता नारळ उचलला, तर म्हणाल्या, "ठेव तो. मी अजून आहे."

त्या बाईने असं सहज "तू भर" म्हणावं? मला ओटी भरायची हौस नव्हती असं नाही. चांगली होती. पण अशी, कुणीतरी हरलं म्हणून हातात आलेली ओटी मला नको होती. रागच आला मला.

"का पण? काठी घेऊन पडवीपर्यंत येताय की रोज."

"गाऊन घालून देवीसमोर येऊ?"

"मग साडी नेसवते मी."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला संक्रांत आठवली. संक्रांतीला मी आणि शेजारच्या काकूंनी मिळून त्यांना साडी नेसवली होती. त्या मध्ये काठीवर उभ्या आणि आम्ही दोघी गोल गोल फिरतोय. एकीने निऱ्या खोचल्या, दुसरीने परकराची नाडी आवळली. हळदीकुंकू आटोपल्यावर मला म्हणाल्या, "मेल्यावर काय गुंडाळायचं ते गुंडाळा. जिवंतपणी नाही." त्यानंतर साडीचं नाव नाही. सुट्टा गाऊन, तोही डाव्या हाताने ओढून ओढून, आत दार लावून. पंधरा-वीस मिनिटं लागोत नाहीतर तास लागो, मदतीला कुणी जायचं नाही.

म्हणजे प्रश्न साधा होता. साडीसारखं दिसेल, देवीपुढे शोभेल आणि एका हाताने स्वतःचं स्वतः घालता येईल असं काहीतरी हवं होतं. असं दुकानात मिळत नाही. मग शिवायचं. माझ्याकडे पायमशीन आहे, पोरांचे कपडे आणि घरातले ब्लाउज मीच शिवलेत. मोबाईलवर बघता बघता एक प्रकार सापडला. पुढून अख्खा उघडा झगा, एक पल्ला दुसऱ्यावर घ्यायचा आणि कमरेला बंदाने बांधायचा. तान्ह्या बाळाचं झबलं असतं ना, तेच मोठं केलेलं. डोक्यावरून काही घालायला नको, पाठीमागे हात न्यायला नको. आणि आतून पायापर्यंत अस्तर लावलं की परकर नको, नाडी नको.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, चार दिवसांवर आलाय शिमगा. एखादा चांगलासा गाऊन आणू की बाजारातून."

"आण. आणि तूच घाल," मी म्हटलं.

कापडाचा प्रश्न सासूबाईंनीच सोडवला. मी भीत भीत सांगितलं की जुन्या साडीतून करता येईल. त्यांनी काठीने कपाट दाखवलं. "हिरवी नारायणपेठ काढ." ती त्यांची पालखीची साडी. दरवर्षी हीच. मी म्हटलं, आई, ती नको, दुसरी कुठलीतरी घेऊ, कात्री लावल्यावर परत जोडता येत नाही. तर म्हणाल्या, "नेसायला येतेय का मला आता? मग कपाटात घालून तिची पूजा करू? काप."

पहिली कात्री लावण्याआधी मी कापड तीनदा मोजलं, खोटं कशाला बोलू. त्या खुर्चीवर बसून बघत होत्या. मी थांबले की काठी जमिनीवर आपटायच्या.

अस्तरासाठी रत्नागिरीला जाऊन सुती कापड आणलं, रात्रभर पाण्यात भिजवलं, वाळवून इस्त्री केली. तसंच शिवलं असतं तर पहिल्या धुण्यात अस्तर आटलं असतं आणि वरची साडी फुगून बसली असती. बाह्यांना मात्र आतून गुळगुळीत कापड लावलं, कारण निर्जीव हात सुती बाहीतून सरकत नाही, अडकतो. बाही चांगली सैल ठेवली. साडीचा पदर मी वरच्या पल्ल्याला घेतला, काठ बरोबर छातीवरून तिरका कमरेपर्यंत येईल असा. खालचा पल्ला झाकलाच जाणार म्हणून साध्या अंगाचा. दोन दिवस दुपारभर मशीन चालवलं. कॉलर नाही, बटण नाही. अस्तर आणि साडी कडेने जोडून उलटवली तेव्हा मीच खूश झाले. काय सुंदर दिसत होता! भिंतीला टांगून ठेवला आणि येता-जाता बघत राहिले.

सासूबाई घेऊन आत गेल्या. दार लावलं. मी बाहेर उभी.

खूप वेळ झाला. आतून काठी पडल्याचा आवाज आला. मग दार उघडलं आणि झगा माझ्या अंगावर आला. "नाही होत," त्या म्हणाल्या. डोळे लाल होते. "ओटी तू भर, सांगितलं ना. कशाला छळतेस?" आणि दार लावून घेतलं.

मला रडूच फुटणार होतं. पण रडण्यापेक्षा चीड जास्त आली, त्या झग्याचीच. होत कसं नाही? बंद लांब होता, बाही सैल होती. मी माझ्या खोलीत गेले, ओढणी घेतली आणि माझा उजवा हात अंगाला घट्ट बांधून टाकला. दातात एक टोक धरून गाठ मारली. मग तोच झगा डाव्या हाताने घालायला गेले.

डावी बाही गेली, उजवी नुसती खांद्यावर टाकली. पुढे सगळा गोंधळ. वरचा पल्ला उजवीकडचा. तो धरायला डावा हात पार पलीकडे न्यायचा, ओढून डाव्या कमरेवर आणायचा, आणि मग त्याच हाताने त्याच बाजूला बंद बांधायचा. कोपर मागे जातं, बोटांना जोर नाही. बंद बांधायला पल्ला सोडला की पल्ला घसरतो. पल्ला धरावा तर बंद कोण बांधणार? तेवढ्यात नवरा आत आला. मी हात बांधून घेतलेली, अर्धवट झग्यात, दातात बंद. तो दारातच थांबला. "बरं आहे ना तुला?"

"माझी अक्कल बघ," मी म्हटलं. "पदर!"

पदर डाव्या खांद्यावर. उजवीकडून येतो आणि डावीकडे जातो. जन्मभर तेच केलं, आईने केलं, सासूने केलं. कापड अंथरलं तेव्हा मी विचारच केला नव्हता, हात आपोआप तसाच चालला. पण सासूबाईंचा चांगला हात डावा. वरचा पल्ला डावीकडचाच हवा, म्हणजे डाव्या हातात आधीच आलेला, पोटावरून उजवीकडे नुसता ओढायचा. मी सगळा झगा त्यांच्या मेलेल्या हातासाठी शिवला होता. एवढी मी शहाणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी उसवायला बसले. अस्तर लावलेला कपडा उसवणं म्हणजे शिक्षा. एक शिवण सोडवावी तर आत दुसरी. खांदे, मुंढे, कडेच्या शिवणी, सगळं सोडवलं. बोटांना सुया टोचल्या. आणि मग लक्षात आलं की नवा पदर आणणार कुठून? काठाचा पल्ला उजवीकडच्या आकारात कापलेला होता. पुरेसं कापड उरलं नव्हतं. मी तो पल्ला हातात घेऊन तशीच बसून राहिले. पालखी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती.

सासूबाई काठी टेकत आल्या. समोर चिंध्या बघून त्यांना वाटलं असणार की मीही हरले. मी सांगितलं काय चुकलं ते. त्यांनी पल्ला माझ्या हातातून घेतला, मांडीवर टाकला, डाव्या हाताने फिरवला. उलटा केला. बोट ठेवून मला दाखवलं.

नारायणपेठेचं उलट-सुलट फारसं कळत नाही. काठ दोन्हीकडून तोच, फक्त मागच्या बाजूला जरा फिका. आणि उलटा केला की उजवा पल्ला डावा होतो.

"अगो, बघत काय बसलीस?" त्या म्हणाल्या. "शीव."

त्या दिवशी घरात स्वयंपाक नवऱ्याने केला. खिचडी करपली, तशीच खाल्ली. मी दोन्ही पल्ले उलटे करून पुन्हा अस्तराला जोडत होते, आणि सासूबाई पलंगाच्या कठड्याला परकराची जुनी नाडी अडकवून डाव्या हाताने सुरगाठ मारायचा सराव करत होत्या. मी सुचवलं होतं की बुटाला असते तशी चिकटपट्टी लावते, सोपं जाईल. "मी काय बालवाडीत आहे?" म्हणाल्या. गाठच पाहिजे. म्हणून मी उजव्या बाजूला, कडेच्या शिवणीत नाही, चार बोटं पुढे पोटाकडे कापडाची पक्की कडी शिवली. त्यांचा लोंबता हात मध्ये येऊ नये म्हणून. बंद त्या कडीतून काढायचा, परत ओढायचा आणि सुरगाठ द्यायची. नाडी सुटली की त्या शिवी हासडायच्या आणि पुन्हा सुरू. मशीनच्या आवाजात त्यांच्या शिव्या ऐकत मी टिपा मारल्या. संध्याकाळी दोघींचं काम जवळपास एकाच वेळी झालं.

सकाळी अंगणात सडा पडला, रांगोळी झाली. ढोल लांबून ऐकू यायला लागला तेव्हा त्या झगा घेऊन आत गेल्या. दार लागलं. ढोल शेजारच्या वाडीत आला. नवरा दोनदा आत येऊन गेला. "जा ना, बघ ना जरा," तो म्हणाला. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. "कुणी आत जायचं नाही," मी म्हटलं, "पालखी थांबेल." आतून काठीचा आवाज आला, मग शिवी आली, आणि मला धीर आला.

पालखी अंगणात नाचत होती तेव्हा दार उघडलं. हिरवा झगा, काठ छातीवरून तिरका, पण उलटा, डावीकडून उजवीकडे. शेजारच्या काकूंच्या लक्षात आलं. "अगो बाई, पदर गुजराती झाला की!" "होय," सासूबाई म्हणाल्या, "हात पण तसाच झालाय." उजवीकडची गाठ जरा सैल होती. माझी बोटं शिवशिवली. मी हात मागे बांधून ठेवले.

काठी टेकत त्या पालखीपर्यंत गेल्या. मी नेहमीसारखी ताट धरून बाजूला. खण, नारळ, तांदूळ. आणि तिथे त्या थांबल्या. डावा हात ताटाकडे गेला आणि मागे आला. मला एकदम कळलं. इतके दिवस आम्ही दोघींनी झग्याचा विचार केला, आणि ओटीचा केलाच नाही. देवीची ओटी डाव्या हाताने कशी भरणार? भोई पालखी खांद्यावर तोलून उभे, सगळे बघतायत. सासूबाईंचं तोंड पांढरं पडलं. मला वाटलं, आता परत फिरतात की काय. एवढं सगळं करून!

त्यांनी काठी माझ्या नवऱ्याच्या हातात दिली. माझ्याकडे वळल्या.

"ताट ठेव," म्हणाल्या. "उजवा दे."

मी ताट खाली ठेवलं. त्यांनी त्यांचा डावा हात माझ्या उजव्या हाताला लावला, कडेला कड जुळवून ओंजळ केली. अर्धी त्यांची, अर्धी माझी. नवऱ्याने तिच्यात खण-नारळ ठेवून तांदूळ घातले. आम्ही दोघींनी मिळून वाकून ओटी भरली. थोडे तांदूळ खाली सांडले. देवीला घालायचं गाऱ्हाणं सुरू झालं, मला त्यातलं काहीएक ऐकू आलं नाही. पालखी पुढच्या घराकडे वळली, ढोल लांब गेला, तरी त्यांनी हात सोडला नव्हता. मीही काढून घेतला नाही.

मग त्यांनी एकदा खाली झग्याकडे बघितलं, सैल झालेली गाठ सोडवली आणि नीट, घट्ट पुन्हा मारली.

"आता ती जांभळी काप," मला म्हणाल्या. "आणि बाही जरा आखूड कर. तांदूळ अडकतात."