बिनपदराचं ऑपरेशन

“पदर उचलणार? आणि तोही परका पुरुष?” आत्याबाई खुर्चीवरून उठल्याच.

हुबळीत कोप्पीकर रोडवरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी काउन्सेलर होतो. चष्मा घालवायला आलेल्यांना लेझर ऑपरेशनचे प्रकार समजावून सांगायचे, हे माझं काम. समोर दुर्गदबैल बाजारातल्या कापड दुकानदारांची मुलगी वैशाली आणि तिची आत्या बसल्या होत्या.

लॅसिकमध्ये डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, म्हणजे कॉर्नियाचा, पातळ थर उचलतात. खाली लेझर मारतात आणि थर परत बसवतात. तो फ्लॅप. दिवसभर मी हे कन्नडमध्ये सांगायचो, आणि कन्नडमध्ये थराला पदर म्हणतात. तोच शब्द यांच्याशी मराठीत बोलताना तोंडातून गेला.

“अहो, डोळ्यातला पदर!”

“डोळ्यातला असो नाहीतर खांद्यावरचा. आमच्या घरात चालायचं नाही.”

“आत्या, मी ड्रेस घालते,” वैशाली म्हणाली.

“तू गप.” आत्याबाई माझ्याकडे वळल्या. “अण्णा, बिनपदराचं काही आहे का?”

होतं. पीआरके. त्यात वरची नाजूक त्वचा काढून लेझर मारतात. ती पुन्हा येते. पण तीन-चार दिवस डोळे झोंबतात आणि नजर स्थिरावायला काही आठवडे लागतात. तिसरा प्रकार स्माइल. त्यात बारीक छेदातून आतली चकती काढतात, पण ते मशीन आमच्याकडे नव्हतं.

वैशालीला पीआरके चालणार होतं. तीही हो म्हणाली. फॉर्मवर खरं कारण लिहिलं तर डॉक्टर हसतील, म्हणून मी एवढंच लिहिलं, ‘फ्लॅप टाळणे योग्य.’

ऑपरेशननंतर पाच महिन्यांनी वैशाली सुजलेला डोळा घेऊन आत्याबाईंबरोबर आली. कबड्डीत कोपर लागलं होतं. ती कॉलेजच्या टीममध्ये होती. मी कधी विचारलंच नव्हतं. मी तिचा जुना फॉर्म काढून डॉक्टरांपुढे ठेवला.

“कॉर्निया ठीक आहे,” डॉक्टर म्हणाले. मग सगळ्या स्टाफसमोर माझ्याकडे वळले. “फ्लॅप असता तर सरकू शकला असता. ती खेळाडू आहे म्हणून तुम्ही तो आधीच टाळलात. शाब्बास!”

“मीच टाळला,” आत्याबाई म्हणाल्या. कुणी लक्ष दिलं नाही. मी हात जोडून शाब्बासकी घेतली.

पुढे नव्या स्टाफला शिकवायलाही मलाच उभं केलं. विषय होता, पेशंटला काय काय विचारावं.

आत्याबाई आता नाहीत. श्रेय त्यांचं होतं, हे त्यांच्या हयातीत मी कुणाला सांगितलं नाही. आज लिहून ठेवतो. आणि प्रकार समजावण्याआधी समोरचा माणूस दिवसभर काय करतो ते विचारावं. मी फक्त चष्म्याचा नंबर विचारला होता.