सावलीचं घड्याळ

‘सर, एखादा सोपा प्रोजेक्ट सांगा की.’ नोकरीत असताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की निवृत्तीनंतर ते कानावर पडणार नाही, याचा मला आनंद व्हायला हवा होता. तो काही झाला नाही.

सोपा म्हणजे काय हे मला चांगलं ठाऊक आहे. सोपा म्हणजे आदल्या संध्याकाळी होणारा, आईला जमणारा आणि परीक्षकासमोर फसफसणारा. खायचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी, बाटलीत वाळू-कोळसा भरून केलेलं जलशुद्धीकरण, लिंबांत तारा खुपसून लावलेला बारका दिवा. विज्ञान प्रदर्शनांत मी वर्षानुवर्षं परीक्षक होतो आणि दरवर्षी कुठला तरी ज्वालामुखी माझ्या चपलेवर सांडायचाच. हल्ली तर आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानांत प्रोजेक्ट तयारच मिळतात. पोराचं नाव तेवढं चिकटवायचं.

मागच्या डिसेंबरात आमच्या वरच्या मजल्यावरची सातवीतली मुलगी आईला घेऊन खाली आली आणि तेच वाक्य म्हणाली. बायको जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मुलगा पुण्यात, त्याचा फोन रविवारी. बाकी माझ्या दाराची बेल वाजायची ती गॅसच्या सिलिंडरसाठी. त्यामुळे तिचं बोलणं पुरतं व्हायच्या आत मी दोघींना बसवून चहा टाकला.

मी तिला सावलीचं घड्याळ सुचवलं. एक लाकडी पाट, त्यावर पांढरा कागद, मधोमध सायकलच्या चाकातली सरळ तार उभी करायची. पाट गच्चीवर एका जागी ठेवायचा आणि दर तासाला सावलीच्या टोकाशी ठिपका द्यायचा. आईनं विचारलं, सोपं आहे ना? मी म्हटलं, याहून सोपं काही नाही. फक्त दर तासाला कुणीतरी वर जायला हवं आणि मुलगी तर दिवसभर शाळेत. ते मी करीन म्हटल्यावर आईला फार संकोच वाटला. मला मात्र तेच हवं होतं.

मग माझे दिवस बदलले. सकाळी आंघोळ उरकून मी पेन्सिल खिशात टाकून वर जायचो. गुडघे कुरकुरायचे, म्हणून सारखं वर-खाली करण्यापेक्षा पाण्याच्या टाकीला टेकून तिथंच पेपर वाचत बसायचो. कपडे वाळत घालायला आलेल्या बायका विचारायच्या, सर, काय चाललंय? आणि मला सांगायला काहीतरी असायचं. संध्याकाळी ती मुलगी यायची, ठिपके जोडायची, माझ्या डब्यातला चिवडा संपवायची आणि शंका विचारायची. शंकाही चांगल्या. ढग आले तर काय करायचं? रात्री सूर्य कुठल्या बाजूनं जातो? ती गेली की मला दिवा लावायचाही कंटाळा यायचा. एकटेपणाची सवय होते असं लोक म्हणतात. मला तरी झालेली नाही.

आठवडाभरानं आईच्या लक्षात एक गोष्ट आली. सगळ्यात आखूड सावली बाराला पडायला हवी, आमची पडत होती साडेबाराच्या सुमाराला. म्हाताऱ्या माणसांशी बोलताना लोक जो मऊ आवाज काढतात, त्या आवाजात ती म्हणाली, की राहू दे सर, होतं असं, आम्ही घरी दुरुस्त करतो. माझं डोकंच फिरलं. तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाचे ठिपके हिनं खोडरबरानं दुरुस्त करायचे? रविवारी मुलीलाच वर पाठवा म्हटलं.

त्या रविवारी ती माझ्या शेजारी मांडी ठोकून बसली. बारा वाजले. सावली आखूडच होत राहिली. ती नखं खात एकदा हातातल्या घड्याळाकडं बघायची, एकदा पाटाकडं. साडेबाराच्या आसपास सावली थबकली आणि हळूहळू लांबायला लागली. मग मी तिला सांगितलं, की सगळ्या देशाची घड्याळं तिकडं प्रयागराजजवळून जाणाऱ्या रेषेवर लावलेली आहेत आणि सूर्याला तिथून आपल्यापर्यंत यायला अर्धा तास लागतो.

‘म्हणजे आपलं घड्याळ कोल्हापूरचं न्हाईच?’ ती म्हणाली.

न्हाईच, मी म्हटलं. इतका आनंदाचा रविवार माझ्या वाट्याला बऱ्याच दिवसांत आला नव्हता.

प्रदर्शनाला मला त्यांनी बोलावलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो आणि शाळेच्या हॉलमध्ये पालकांच्या मागं उभा राहिलो. परीक्षक तरुण होते. अर्ध्या तासाचा फरक त्यांनी बरोबर पकडला आणि मुलीनं कुठंही न अडखळता तो समजावून सांगितला. माझी छाती फुगली. मग त्यांनी विचारलं, शाळेच्या दिवशी ठिपके कोण द्यायचं?

‘सर.’

‘शाळेतले?’

‘न्हाई, आमच्या खाली राहत्यात. त्यांच्या घरात कोणच न्हाई, म्हणून दिवसभर गच्चीवर बसत्यात.’

आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. जे रोज दिसलं ते तिनं सांगितलं. मी परीक्षक असतो तर अशा निरीक्षणाला पैकीच्या पैकी दिले असते. तरीही कान तापले आणि मी भिंतीवरचे तक्ते वाचायला लागलो.

तिला दुसरा नंबर मिळाला. आम्ही तिघं एकाच रिक्षातून परतलो. माझ्या दाराशी आई म्हणाली, ‘सुटलात बघा सर. लई त्रास दिला पोरीनं. आता तुम्ही मोकळे.’

मुलालाही कधी न सांगितलेलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं. ‘मोकळाच हाय की मी. त्याचाच कंटाळा आलाय. बोलायला माणूस पायजे हो.’

तिनं पाट खाली टेकवला. मग म्हणाली, ‘मग आज जेवायलाच या की वर. मटण केलंय.’

मी म्हणालो, ‘नको, नको. कशाला उगाच?’

आमच्या पिढीत पहिल्या आमंत्रणाला हो म्हणायची रीत नाही. एकदा नको म्हणायचं, समोरच्यानं ‘असं कसं?’ म्हणायचं, पुन्हा नको म्हणायचं आणि मग चपला काढायच्या. बायको होती तेव्हा माझं नको ऐकून शेजारी उभी राहून हसायची आणि लोकांना सांगायची, त्यांचं काय ऐकता, येणार आहेत ते. आता हे सांगणारं कुणी नव्हतं. तरी मी दाराच्या चौकटीला धरून थांबलो, तिच्या दुसऱ्या आग्रहासाठी.

‘बरं, मग परत कधीतरी,’ ती म्हणाली. तिनं पाट काखेत मारला आणि पोरीला पुढं घालून ती जिना चढून गेली.

मी कुलूप काढून आत आलो आणि शर्ट न बदलताच खुर्चीत बसलो. वर ताटं मांडल्याचे आवाज येत होते, रश्श्याचा वास जिन्यातून खाली उतरला होता आणि मी अजून दाराकडंच बघत होतो.