कुर्ली उष्ण की थंड?

बहारीनचे किस्से फ्रिजमधल्या डब्यांसारखे. एक काढायला जावं तर मागे आणखी चार निघतात! त्यातले हे आमच्या राणेचे.

राणे एसी मेकॅनिक. ऐंशी सालच्या आसपास राजधानी मनामातली निम्मी ऑफिसं हाच गार करायचा. बायको मंगल पहिलटकरीण, बाळंतपणाला मालवणहून राणेच्या सासूबाई आलेल्या. भर ऑगस्टमध्ये त्यांनी फर्मावलं, "ता मशीन बंद करा आदी! बाळंतिणीक वारो लागतलो!"

खालच्या मजल्यावरच्या सिंगापूरच्या चिनी मिसेस टॅन बाळ बघायला आल्या. राणेला वाटलं, सुटलो! त्या दारातूनच ओरडल्या, "नो विंड! स्विच ऑफ!"

*

मिसेस टॅननी त्याला समजावलं, शरीरात गरम आणि थंड सारख्या प्रमाणात हवं.

"म्हणजे थर्मोस्टॅट!" राणे खूश. "मग आइसक्रीमवर गरम चहा प्यायला की खलास?"

त्या कपाळावर हात मारून मंगलकडे वळल्या.

*

गंमत सोडा, मंगलला दूध पुरत नव्हतं. बाळ भुकेनं रडायचं, त्याच्यासोबत तीही. डिंकाचे लाडू झाले, मिसेस टॅनचं आल्यातलं चिकन झालं. मंगलला मात्र कुर्ल्या हव्या होत्या!

सासूबाई म्हणाल्या, "उष्ण! अजिबात नाय!"

मिसेस टॅन म्हणाल्या, "क्रॅब? व्हेरी कोल्ड! नो!"

राणेनं डॉक्टरला विचारलं. डॉक्टर म्हणाले, "ताजी असेल तर खाऊ दे."

बाहेर येऊन राणे मला म्हणाला, "ह्यांना काहीच माहीत नाही रे!"

*

शेवटी पठ्ठ्यानं स्वतःवर प्रयोग केला. घाम आला तर उष्ण, हुडहुडी भरली तर थंड. दोन कुर्ल्या खाल्ल्या आणि घामानं निथळला.

"म्हणजे उष्ण!" मी म्हटलं.

"अरे, पण एसी बंद होता ना!"

*

एका शुक्रवारी सासूबाई आणि मिसेस टॅन जोडीनं सूकच्या बाजारात आलं आणायला गेल्या. कुणाची भाषा कुणाला येत नव्हती, पण गट्टी अशी की विचारू नका! मंगल रडवेली होऊन म्हणाली, "आता तरी करून घाल." राणेला दया आली. त्यानं स्वतः कुर्ल्यांचं कालवण केलं आणि ती पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी बाळ पोट भरेपर्यंत प्यालं आणि गाढ झोपलं. तेवढ्यात सासूबाईंना कचऱ्यात कवचं सापडली. मिसेस टॅनही धावत वर आल्या. राणे भिंतीला टेकून उभा.

सासूबाईंनी झोपलेल्या नातवाकडे पाहिलं. "बघलात? उष्ण पडला, म्हणान दूध इला!"

"नो, नो! टू हॉट बॉडी. क्रॅब कोल्ड. नाऊ बॅलन्स!"

राणेचं डोकं पार गरगरलं. तो मंगलकडे वळला. "बाई गं, खाल्लीस तू. तूच सांग, उष्ण की थंड?"

बाळावरची नजर न काढता मंगल म्हणाली,

"मीठ कमी होतां!"