गायकवाडताईंच्या अर्जाची पोच

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून चोरून खाल्लेला वडासुद्धा लपत नाही. आज तुम्हाला का सांगतोय? गुरुवार जवळ आलाय म्हणून.

मुलुंडच्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी. नऊ वर्षं. दुसरं कुणी तयारच होत नाही, तुम्हाला माहीतच असेल. प्रजासत्ताक दिनाला झेंडावंदन झालं की भाषणही मीच ठोकतो. गाड्या कमी करा, बस वापरा, मुलांना श्वास घेऊ द्या. टाळ्या पडतात. सगळ्यांत जोरात वाजवायच्या त्या गायकवाडताई.

ताई दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. नर्स होत्या, आता निवृत्त. रोज सकाळी गेटसमोरच्या स्टॉपवरून बस पकडून भांडुपच्या बुद्धविहारात जायच्या. तिथे येणाऱ्या म्हाताऱ्यांचं ब्लडप्रेशर बघायचं, गोळ्या समजावून सांगायच्या. गुडघे कुरकुरायचे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू — पण गेटबाहेर पाऊल टाकलं की स्टॉप. जमून जायचं.

मग मी गाडी घेतली. हो, मीच — भाषणवाला. आवारात जागा शिल्लक नव्हती. बाहेर लावायची तर गेटसमोरच, आणि तिथे स्टॉप. ओळखलंत ना? पण थांबा. स्टॉप हलवला, हे तर निम्मंही नाही.

सोसायटीच्या लेटरहेडवर मी पत्र लिहिलं — स्टॉपमुळे गेटवर गर्दी होते, ज्येष्ठ नागरिकांना धोका आहे. ज्येष्ठ नागरिकांना! कमिटीला विचारलंसुद्धा नाही. काही महिन्यांनी माणसं आली आणि खांब, बाक उचलून घेऊन गेली. स्टॉप गेला सिग्नलच्या पुढे, मोठ्या रस्त्याच्या पलीकडे. फुटपाथवर खांबाचे चार बोल्ट तेवढे उरले. त्यांच्या शेजारी माझी गाडी अगदी नीट बसली.

आठवड्याभरात ताई माझ्या दारात. "सेक्रेटरी, कोणत्या शहाण्याने हलवला हो स्टॉप? अर्ज लिहा. तुमचं मराठी झकास आहे." मी लिहिला. मन लावून लिहिला, खरं सांगतो. ताईंनी चाचपत सही केली आणि बजावलं, "दोन प्रती करा. एकीवर पोच घेऊन या." सगळा जन्म सरकारी नोकरीत गेलेला — शिक्का मारलेली प्रत हातात पडल्याशिवाय अर्ज दिला असं त्या मानतच नाहीत.

आता बोलायलाच हवं. अर्ज मी दिलाच नाही. माझ्या खणात ठेवला. आणि दुसऱ्या प्रतीवर सोसायटीच्या कपाटातला गोल शिक्का मारला — आमचाच, आमच्याच इमारतीच्या नावाचा. वर तारीख टाकली, सहीसारखा एक फरांटा ओढला. ताईंनी कागद डोळ्यांशी नेला. जांभळं काहीतरी गोल दिसलं, त्यावर त्या खूश. तेव्हा सांगता आलं नसतं? आलं असतं. लाज वाटत होती मला, पण लाजेपेक्षा ती जागा मोलाची वाटली.

दीड वर्ष त्या तो रस्ता ओलांडत राहिल्या. मी गॅलरीतून बघायचो. पलीकडे पोचलेल्या दिसल्या की मगच चहाचा कप तोंडाला लावायचो. म्हणजे मला कळत होतं, नाही का? एका सकाळी बस येताना दिसली म्हणून त्यांनी घाई केली आणि टेम्पोची धडक बसली. खुब्याचं हाड मोडलं. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे ताई आता खाली उतरत नाहीत. विहारातल्या म्हाताऱ्यांचं काय झालं, ते मी विचारलेलं नाही.

मी भेटायला जातो. त्यांचा एकच प्रश्न — आपलं पत्र कुठपर्यंत आलं? मी म्हणतो, फिरतंय अजून. त्या मान हलवतात. पोच प्लास्टिकच्या फाइलमध्ये, फाइल उशाशी. खिडकीतून खाली माझी गाडी दिसते त्यांना. पांढरं काहीतरी नेहमी तिथे उभं असतं, म्हणतात.

येत्या गुरुवारी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. काल खुशीत होत्या. "दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली ना, की फाइल मीच वाचते. कोण अडवून बसलंय, बघतेच एकदा."

फाइल मागून घ्यावी, कागद बदलून टाकावा, हे मनात येऊन गेलं. कालही आलं. खणातला अर्ज काढून पाहिला आणि परत ठेवला.

दवाखान्यात त्यांना बसने नेणं आता शक्य नाही. दोघं जण खुर्चीत बसवून खाली आणतील. पुढे मीच नेणार आहे, माझ्या गाडीतून. दुसऱ्या दिवशी पट्टी काढायलाही मीच. फाइल त्यांनी आत्तापासून पिशवीत भरून ठेवली आहे.